आपलं झेडपी हायस्कूल बंद झालं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेला कुलूप लागलं तेव्हापासून गावी गेलो की कोणी ना कोणी धरतंच, स्टँडवर म्हणा, लग्नाच्या पंगतीत म्हणा, नाहीतर पोळ्याला तोरणाखाली. कोणाला टीसी पाहिजे, कोणाला आजोबांची नोंद पाहिजे, कोणी नुसतंच विचारतं की अशी कशी बंद पडली बाप्पा शाळा. मी तिथं पाचवी ते दहावी शिकलो, माझे बाबा तिथूनच मॅट्रिक झाले, आणि गेले दोन उन्हाळे मी शाळेची जुनी रजिस्टरं वाचण्यात घातले, म्हणून जे पक्कं माहीत आहे ते एकदाचं लिहून काढतो. कोणाचं नाव घेतलेलं नाही, ते मुद्दाम.

ही शाळा नेमकी कोणाची होती? सरकारची, झेडपीची का कुठल्या संस्थेची?

झेडपीचीच, शेवटपर्यंत. गोंधळ होतो कारण जुन्या कागदांवर शिक्के वेगवेगळे आहेत. सगळ्यात जुन्या रजिस्टरवर डिस्ट्रिक्ट कौन्सिल, त्याच्या पुढच्यावर जनपद सभा, मग जिल्हा परिषद. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, राजधानी नागपूर, म्हातारी माणसं अजूनही सीपी अँड बेरार म्हणतात. १९४८ च्या कायद्यानं तिथं जनपद सभा आल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्याकडं गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जनपद सभा संपल्या. म्हणजे त्याच कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, इमारतीत, जागची न हलता, शाळेनं तीन राज्यं पाहिली.

काही जण म्हणतात की आपली शाळा "माजी शासकीय" होती. ती नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी ज्या गव्हर्मेंट हायस्कूल होत्या आणि पुढं झेडपीकडं दिल्या गेल्या त्यांच्या पाटीवर "माजी शासकीय" लिहितात, यवतमाळकडं अशा पाट्या अजून दिसतात. आपलं हायस्कूल प्रायमरीतून वाढत वाढत झालेलं, गावानं मागून घेतलेलं.

झेडपीचं हायस्कूल ही विदर्भाचीच गोष्ट आहे का? पुण्याकडचे मित्र म्हणतात आमच्याकडं असं नसतं.

बरंचसं तसंच आहे. तिकडं खेड्यातली हायस्कूलं जास्त करून संस्थांनी काढली, कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ पासूनची. आपल्याकडंही भाऊसाहेब म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि वऱ्हाडात किती घरं त्या एका माणसामुळं शिकली ते मोजताच येणार नाही. पण जिथं संस्था पोचली नाही तिथं जनपदनं आणि मग झेडपीनं हायस्कूल चालवलं, म्हणून विदर्भात झेडपी हायस्कूल बरीच दिसतात. फी नाही, डोनेशन नाही, आणि मास्तर सरकारी नेमणुकीचा.

सुरू कशी झाली?

प्रायमरी आधीपासून होती, चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर आठ-नऊ मैल जायचं, नाहीतर नातेवाइकाकडं राहायचं, त्यामुळं ज्याच्या घरी बंड्या-बैलं त्याचंच पोट्टं पुढं शिकायचं. म्हातारे सांगतात की गावातल्या चार लोकांनी ठरवलं की जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या प्रत्येक बंडीमागं शाळेची वर्गणी काढायची, आणि सुगीभर ती निघाली. एका शेतकऱ्यानं गावालगतची जागा दिली, काळ्या मातीची, चांगली पिकाऊ. वर्ग आधी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर भरायचे, पावसाळ्यात चावडीत. मधली शाळा झाली, मग एकेक वर्ग वाढत हायस्कूल झालं.

हे सगळं उगाच सुचलं नव्हतं. गाडगेबाबांचं कीर्तन ज्यानं ऐकलं नाही असा माणूस तेव्हा वऱ्हाडात मिळणं कठीण. ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हे बाबा गावोगाव सांगत फिरले. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ ते गेले तेव्हा माझे बाबा प्रायमरीत होते. आमची आजी शाळेत गेली नव्हती पण हे वाक्य तिला पाठ होतं, आणि बाबांनी एकदा शाळा सोडून वेचणीला जातो म्हटलं तर तिनं हेच सुनावलं होतं. वेचणीला ती स्वतः गेली.

शाळेत टकळीवर सूत कातायचे हे खरं का?

हो. वर्धा आपल्यापासून काही लांब नाही. ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद झाली, हातानं काम करत शिकायचं अशी नई तालीम तिथून निघाली, आणि आपल्या भागातल्या शाळांत टकळी बरीच वर्षं होती. बाबांच्या प्रगतिपुस्तकात सूतकताईचे मार्क आहेत. गणितापेक्षा जास्त.

पहिल्या बॅचेसमध्ये मुली होत्या का?

होत्या, पण बोटावर मोजण्याइतक्या. हे मी रजिस्टरवरून सांगतो. दाखल-खारीज रजिस्टर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ते आडवं मोठं पुस्तक असतं, अनुक्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, बापाचं नाव, धर्म-जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, आधीची शाळा, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक आणि शेवटून दुसरा रकाना "शाळा सोडण्याचे कारण". पोरांच्या पुढं तिथं लिहिलेलं असतं "पुढील शिक्षण", "पास", "वडिलांची बदली", "सतत गैरहजर". पोरींच्या पुढं एका जुन्या पानावर चार नोंदी आहेत, चौघींच्या पुढं एकच शब्द, "लग्न". जन्मतारखेवरून हिशोब केला तर त्यातली एक बारा वर्षांची निघते. अक्षर सुंदर आहे, बोरूनं लिहिल्यासारखं, वर्तणुकीच्या रकान्यात चौघींना "उत्तम" दिलेलं आहे.

मी ते पान बघत बराच वेळ बसलो होतो. पुढच्या रजिस्टरांत हे हळूहळू बदलत जातं. आमच्या वर्गात अर्ध्याला थोड्या कमी पोरी होत्या, त्यातली एक आज नर्स आहे, दोघी शिक्षिका आहेत, एक सरपंच होऊन गेली. या शाळेचं सगळ्यात मोठं काम कोणतं विचाराल तर मी हेच सांगीन, की पोरीला गावाबाहेर न पाठवता दहावीपर्यंत नेली.

रजिस्टरमध्ये आमच्या आजोबांची जात एक आणि मोठ्या काकांची दुसरीच लिहिली आहे. चूक आहे का?

बौद्ध कुटुंबांकडून हा प्रश्न खूपदा येतो. चूक नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतरच्या पानांवर आपल्या गावच्या पोरांपुढं "बौद्ध" लिहिलेलं दिसतं, त्याआधीच्या पानांवर जुनी जात. एका घरातल्या दोन भावांच्या नोंदी त्यामुळं वेगळ्या. एके ठिकाणी तर नाव दाखल करताना आधी जुनी जात लिहून, ती एका रेघेनं खोडून, वर बारीक अक्षरात बौद्ध लिहून मास्तरांनी सही केलेली आहे, म्हणजे बापानं तिथं उभं राहून सांगितलं असणार.

कामाच्या दृष्टीनं सांगायचं तर दोन्ही पानं जपा. नवबौद्धांना राज्याच्या सवलती महाराष्ट्र झाल्यापासून, १९६० पासून आहेत, केंद्राच्या मात्र १९९० मध्ये लागू झाल्या, आणि जात पडताळणीला मूळ जातीचा पुरावा मागतात तो जुन्या पानावरच सापडतो.

मॅट्रिक अकरावीला होती का दहावीला?

दोन्ही. जुनं मॅट्रिक अकरावीला. आधी विदर्भाचं बोर्ड वेगळं होतं नागपूरला, १९६६ पासून राज्याचं एक बोर्ड झालं. दहा अधिक दोन आल्यावर १९७५ ला पहिल्यांदा दहावीची बोर्ड परीक्षा झाली, म्हणून आपल्याकडं त्या सुमाराच्या लोकांत "तू जुना मॅट्रिक का नवा" असा वाद चालतो. परीक्षेचं सेंटर आपल्या गावात कधीच नव्हतं, तालुक्याला खोली घेऊन राहायचं, एका खोलीत आठ पोरं, एक स्टोव्ह.

शकुंतलानं पोरं शाळेत यायची म्हणतात, खरं आहे?

खरं आहे. मुर्तिजापूर-यवतमाळ लाइनवरच्या आजूबाजूच्या गावांतली पोरं शकुंतलानं, म्हणजे आपल्या छोट्या रेल्वेनं, यायची. अडीच फुटी रूळ, इतकी हळू चालायची की मोठी पोरं चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढायची. आमच्या लहानपणी वाफेचंच इंजिन होतं, १९९४ मध्ये डिझेल आलं. गाडीला उशीर झाला तर पहिला तास इंग्रजीचा असायचा तो सर थांबवून धरायचे, फळ्यावर नुसते शब्दार्थ लिहीत बसायचे, पोरं आली की धडा सुरू. असं करा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ही गाडी २०१६ मध्ये थांबली. त्या गावांतली पोरं त्याआधीच तुटली होती, पण उरलीसुरली पण गेली.

शाळा बंद का पडली?

हा मोठा प्रश्न. लोकांना एका वाक्यात उत्तर पाहिजे असतं, कॉन्व्हेंटमुळं पडली, पुढाऱ्यांमुळं पडली, सरकारनं पाडली. माझ्या समजुतीनं ते वीस-पंचवीस वर्षं चाललेलं होतं आणि चार-पाच गोष्टी एकावर एक चढत गेल्या, जशी भिंत पडते ना पावसात, आधी नुसता पोपडा निघतो, मग ओल.

पहिली गोष्ट पट. आमच्या वेळी एका वर्गात साठ-पासष्ट पोट्टे, टाटपट्टी पुरत नव्हती. आता घरात एक नाहीतर दोन लेकरं, आणि ज्याला जमलं तो अमरावती, नागपूर, पुण्याला गेला. कापसानं घरं धरून ठेवली होती ती कापसानंच सोडवली, बोंडअळीच्या आणि नापिकीच्या वर्षांत किती कुटुंबं गाव सोडून गेली ते प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरी कॉन्व्हेंट. आपल्याकडं इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती कोणाचीही असो. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तर तालुक्याच्या आसपास त्या भराभर निघाल्या आणि पिवळी व्हॅन दारापर्यंत यायला लागली. आता इथं मला स्वतःचं पण सांगितलं पाहिजे. माझी दोन्ही लेकरं कॉन्व्हेंटमध्ये शिकली. ज्या शाळेनं मला आणि माझ्या बापाला शिकवलं तिथं मी माझं लेकरू घातलं नाही, आणि गावात माझ्यासारखी घरं एकदोन नव्हती, झेडपीच्या मास्तरांची लेकरं पण व्हॅननंच जात होती. मग पट कमी झाला म्हणून ओरडायचं कोणावर. हे लिहिताना त्रास होतो पण हे सोडून बाकीचं लिहिलं तर ते अर्धवट होईल.

तिसरी मास्तरांची. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, खोटे पट सापडले, जादा शिक्षक निघाले, आणि २ मे २०१२ च्या जीआरनं शिक्षक भरती थांबली. भरतीचं पवित्र पोर्टल २०१७ ला आलं आणि तरी प्रत्यक्ष मास्तर शाळेत पोचायला पुढं बराच वेळ गेला. दरम्यान आपले जुने सर एकेक करून रिटायर झाले. आधी गणिताचे गेले, मग इंग्रजीचे. ज्या हायस्कूलला गणिताचा मास्तर नाही तिथं कोणता बाप नववीला नाव घालील? आणि नाव घातलं नाही की पट कमी, पट कमी की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद कमी, पद कमी की अजून मास्तर कमी. हे चाक एकदा फिरायला लागलं की थांबत नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या जीआरवर तर राज्यभर ओरड झाली की कमी पटाच्या शाळांना शिक्षकच उरत नाही.

चौथी गोष्ट आठवीची, ती वेगळी सांगतो कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही.

आठवीचा काय घोळ झाला?

आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात पहिली ते पाचवी एक टप्पा, सहावी ते आठवी दुसरा. आपल्याकडं मात्र जुनी पद्धत, प्रायमरी चौथीपर्यंत नाहीतर सातवीपर्यंत, आणि हायस्कूल पाचवीपासून नाहीतर आठवीपासून. नवीन टप्प्याप्रमाणं २०१३ च्या जीआरनंतर गावोगावच्या चौथीच्या शाळांना पाचवी आणि सातवीच्या शाळांना आठवी जोडायला सुरुवात झाली. कल्पना चांगलीच होती, लेकराला गावातच जास्त दिवस शिकता यावं. पण आसपासच्या पाच-सहा गावांतून आपल्या हायस्कूलला जी पोरं पाचवीला आणि आठवीला यायची, ती यायचीच बंद झाली. एकदा आठवी झाल्यावर पोरगं नववीला नवीन शाळा शोधतं तेव्हा ते थेट तालुक्यालाच बघतं. विहिरीचा झरा वरच्या अंगाला अडवला तर विहीर आटणारच.

आरटीई असताना शाळा बंद करताच कशी येते? कायद्यानं जवळ शाळा पाहिजे ना?

पाहिजे, पण आठवीपर्यंतच. राज्याच्या नियमात पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा असा हिशोब आहे. नववी-दहावीला हा कायदा लागू नाही. म्हणून हायस्कूल पडलं तर बोंबलायला कायद्याचा आधार नाही, आणि नेमकं त्याच वयात पोरी घरी बसतात.

डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या १३१४ शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता, पुढं २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळांच्या समूह शाळा करायची चर्चा आली. त्यात प्रायमरी शाळांचीच चर्चा जास्त झाली. आपल्या हायस्कूलसारखी शाळा गपचूप गेली, "समायोजन" या एका शब्दात, म्हणजे पोरं आणि रेकॉर्ड दुसऱ्या शाळेत मिसळून टाकायचं.

शेवटच्या हेडमास्तरांमुळं शाळा बुडाली असं ऐकलं, खरं काय?

नाही, आणि हे बोलणं बंद झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्या मॅडम होत्या, प्रभारी, पगार शिक्षकाचा आणि काम हेडमास्तरांचं. शेवटच्या वर्षी त्यांच्यासोबत एकच शिक्षक. त्या भाषा आणि समाजशास्त्र शिकवायच्या, सर विज्ञान-गणित, आणि मधल्या वेळात खिचडीचा हिशोब, पोर्टलवर माहिती, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, सर्वे. उन्हाळ्यात घरोघर फिरल्या, तुमची पोरगी द्या म्हणून हात जोडले, माझ्या चुलत भावाच्या घरी पण आल्या होत्या. चहा घेऊन परत गेल्या.

शेवटच्या दिवशी मी गावात होतो म्हणून पाहिलं. परिपाठ झाला, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, मग पोरांना वर्गात न पाठवता त्यांनी प्रत्येकाच्या हातात टीसी दिली आणि प्रत्येकाला विचारलं, कोणत्या शाळेत जाणार, कशानं जाणार, सोबत कोण आहे. वहीत लिहून घेतलं. एका पोरीनं सांगितलं की माहीत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मॅडम त्या पोरीच्या घरी बसलेल्या दिसल्या. ती पोरगी आता तालुक्याला दहावीत आहे.

आता पोरी कशा जातात?

मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं, ज्या रूटवर ती आहे तिथं, नाहीतर साध्या लाल एसटीनं. पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेचा. अडचण पासची नाही, वेळेची आहे. सकाळी बस लवकर येते आणि शाळा सुटल्यावर उशिरा मिळते, पावसाळ्यात नाला भरला की येतच नाही. फाट्यावर निवारा नाही. ऑगस्टमध्ये गेलो होतो तर सहा पोरी लिंबाखाली दप्तरं डोक्यावर धरून उभ्या होत्या, सोबत एकीची आजी, चऱ्हाट हातात, बकऱ्या सोडून आलेली.

टीसी हरवली, दुय्यम कुठं मिळेल?

शाळा बंद झाली म्हणजे रेकॉर्ड संपलं असं नसतं. रजिस्टरं ज्या शाळेत समायोजन झालं त्या शाळेच्या हेडमास्तरांच्या ताब्यात जातात, तिथं अर्ज करा. सापडलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं. अर्जात पूर्ण नाव, वडिलांचं नाव, शेवटचा वर्ग आणि साल लिहा, साल नक्की नसेल तर दोन-तीन वर्षांचा अंदाज द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सोपं जातं. मूळ टीसी एकदाच मिळते, नंतरची दुय्यम प्रत, त्याला प्रतिज्ञापत्र लागू शकतं. नुसती जन्मतारीख किंवा जात दाखवायची असेल तर टीसी मागू नका, दाखल-खारीज रजिस्टरचा प्रमाणित उतारा मागा, तो जास्त उपयोगी पडतो.

कोणाला शाळेचा यू-डायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, लागतो, तो अकरा आकडी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, जुन्या निकालपत्रकावर किंवा अलीकडच्या टीसीवर छापलेला असतो.

दहावीची मार्कशीट?

ती शाळेकडं नसतेच, बोर्डाकडं. जुन्या मार्कशीटवर नागपूर विभागीय मंडळ असेल, नंतरच्यांवर अमरावती. ज्या मंडळाचं नाव आहे तिथं अर्ज. सीट नंबर आणि महिना-साल पाहिजे.

जात पडताळणीसाठी किती जुनी नोंद लागते?

प्रवर्गाप्रमाणं तारीख वेगळी. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीची बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाचीही, बापाची, आजोबाची, चुलत आजोबाची, शाळेतली नोंद भक्कम धरतात. म्हणूनच ती डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि जनपदच्या शिक्क्याची रजिस्टरं गावाची खरी इस्टेट आहेत. आत्या किंवा आजोबांची बहीण शाळेत गेली असेल तर तिचीही बघा, लोक फक्त पुरुषांचीच शोधतात.

एक सांगतो. पहिल्यांदा मी ती रजिस्टरं पाहिली तेव्हा ती खताच्या पोत्यात बांधून ठेवलेली होती आणि एकाचे काठ वाळवीनं खाल्लेले होते. आताच्या हेडमास्तर सरांनी लोखंडी कपाट रिकामं करून दिलं, आम्ही चार जणांनी पानं उन्हात नाही, सावलीत वाळवली, मधे मधे कडुलिंबाचा पाला घातला. त्यांच्या परवानगीनं पानापानाचे फोटो काढणं सुरू आहे.

माझी जन्मतारीख १ जुलै लिहिली आहे, ती बदलता येईल का?

तुमचीच नाही, अर्ध्या गावाची १ जुलै आहे. आईबापाला तारीख आठवायची नाही, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, त्या साली पूर आला होता" असं सांगायचे, मास्तर अंदाजानं साल धरून शाळा उघडायच्या सुमाराची तारीख टाकायचे. शाळा सोडल्यावर नोंदीत सहसा बदल होत नाही, लिहिणाऱ्याची उघड चूक असेल आणि जुना पुरावा असेल तरच, तोही शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं. खूप धावपळ करून हाती काही लागत नाही, हे अनुभवावरून सांगतो.

इमारतीचं आणि जागेचं काय होणार? ज्यांनी जागा दिली त्यांना परत मिळेल का?

जागा दान दिलेली आहे आणि सातबारावर शाळेची नोंद आहे, त्यामुळं आपोआप परत जात नाही. दानपत्रात काय अट लिहिली आहे त्यावर ते अवलंबून. घरच्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे, त्यांना जागा नको, तिथं काहीतरी लेकरांचंच व्हावं एवढं पाहिजे, अभ्यासिका म्हणा, अंगणवाडी म्हणा. जुनी इमारत पाडायची तर आधी निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे बांधकाम विभागानं वापरायला योग्य नाही असं ठरवायचं. तोपर्यंत कोणी कवेलू, दारं, सागाचे फाटे उचलून नेऊ नयेत, दोन खिडक्या गेल्याच आहेत.

शाळेची घंटा कुठं आहे?

चपराशी काकांकडं. ती घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, तारेनं लिंबाला टांगलेला, वाजवायला लोखंडी खिळा. शाळा बंद झाल्यावर भंगारवाल्याचा गाडा दोनदा फिरून गेला तेव्हा काकांनी ती उतरवून घरी नेली, पंचासमोर लिहून दिलं की माझ्याकडं ठेवायला आहे, माझी नाही. एका बाजूला खिळा आपटून आपटून खोल वाटी पडलेली आहे, अंगठा बसेल एवढी.

शाळा परत सुरू होऊ शकते का?

कागदावर हो. पोरं असतील, गाव ठराव करील, मागणी लावून धरील तर समायोजन झालेल्या शाळा परत सुरू झाल्याचं राज्यात घडलेलं आहे. पण नुसत्या ग्रामसभेच्या ठरावानं काही होत नाही, नववी-दहावीच्या पोरांच्या बापांनी लेखी द्यावं लागेल की आम्ही इथंच घालू. मी असे पंधरा बाप शोधतो आहे. आजपर्यंत सहा मिळाले. ज्यांना आपल्या घरातलं लेकरू घालायचं आहे त्यांनीच बोलावं, बाकीच्यांनी वर्गणी द्यावी.

माझ्याकडं शाळेचे जुने फोटो, प्रगतिपुस्तकं आहेत, त्यांचं काय करू?

कोणाला देऊन टाकू नका, स्वतःकडंच ठेवा, फक्त मोबाइलवर सरळ वरून फोटो काढून पाठवा. लॅमिनेशन अजिबात करू नका, आत ओल राहिली तर कागद पिवळा पडून चिकटतो. स्नेहसंमेलनाच्या, स्काउटच्या, सहलीच्या फोटोत कोण कोण आहे ते आत्ताच विचारून घ्या, कारण सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत, आणि नावं मागच्या बाजूला हलक्या हातानं पेन्सिलनंच लिहा, पेननं लिहिलं की शाई पुढं चेहऱ्यावर उमटते.